एनएफ-कप्पा-बी हे जनुक नव्हे

एका लेखात एनएफ-कप्पा-बीला ‘दाहाचे जनुक’ म्हटले आहे. ते जनुक नाही, जनुके चालू करणारे प्रथिन आहे. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना ते १९८६ मध्ये प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींत, प्रतिपिंडाच्या कप्पा साखळीच्या एन्हान्सरवर (जनुकाचे काम वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) सापडले. त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा शोधनिबंध मला जास्त मोलाचा वाटतो: सायक्लोहेक्झिमाइडने प्रथिननिर्मिती रोखली तरी एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला पदार्थ) दिल्यावर ते सक्रिय होते. म्हणजे ते पेशीत आधीच तयार असते; आय-कप्पा-बी हे दुसरे प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर अडवून धरते.

अशी प्रथिने जेल-शिफ्ट चाचणीने ओळखतात: खूण लावलेल्या डीएनएला चिकटलेले प्रथिन जेलमध्ये पट्टा म्हणून दिसते. तीत पॉली डीआय-डीसी (भलती प्रथिने अडकवून ठेवणारा कृत्रिम डीएनए) कमी पडले की भलतीच प्रथिने खुणेच्या डीएनएला चिकटतात, खोटे पट्टे दिसतात. म्हणून बिनखुणेचे दोन स्पर्धक डीएनए-तुकडे लावायचेच: मूळ क्रमाच्या तुकड्याने पट्टा नाहीसा व्हावा, उत्परिवर्तित तुकड्याने मात्र टिकावा.