गॅलरी वरच्या मजल्यावर आहे

"इथे आर्ट गॅलरी कुठे आहे हो?" हा प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदा विचारला तो सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, एका किराणा दुकानदाराला. त्याने गूळ जोखता जोखता मान वर केली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या बायकोकडे, आणि म्हणाला, "गॅलरी वरच्या मजल्याला हाय. पर खोली भाड्यानं द्यायची न्हाई आमाला."

चूक त्याची नव्हती. मराठी माणसाची गॅलरी म्हणजे कपडे वाळत घालायची, तुळस ठेवायची आणि समोरच्यांकडे कोण पाहुणे आलेत ते बघायची जागा. चित्रं टांगतात त्या जागेला कलादालन म्हणतात, हे मलाही माहीत आहे. पण कलादालन कुठे आहे असं विचारलं की समोरचा सावध होतो आणि तहसील कचेरीकडे बोट दाखवतो. 'कलाकार' हा शब्द तर त्याहून घातक. एका एसटी स्टँडवर मी विचारलं, "गावात कोणी कलाकार आहेत का?" बाकावरचे तिघेही एकदम हसले. त्यातला एक म्हणाला, "लय हायत. तुमचं किती बुडवलं?"

'पेंटर' म्हटलं तर घराला डिस्टेंपर मारणारे दोघे जण शिडीसकट हजर होतात. एवढ्या सगळ्या ठेचा खाल्ल्यावर आम्हाला खरा प्रश्न सापडला: "शाळेच्या भिंतीवरची चित्रं कोणी काढलीत?" एवढं विचारलं की कुठलंही गाव बोलायला लागतं.

'आम्हाला' हे मी सौजन्याने म्हणतोय. हा छंद बायकोचा. लग्न ठरताना मला एवढंच सांगितलं होतं की मुलीला प्रवासाची आवड आहे. पुढे तिने संध्याकाळचा रसग्रहणाचा एक वर्ग केला आणि फर्मान निघालं: यापुढे कुठेही गेलो तरी आधी तिथला चित्रकार गाठायचा, मग जेवायचं. माझी या क्षेत्रातली पात्रता म्हणजे शाळेत दिलेली एलिमेंटरीची परीक्षा. तिथे वस्तुचित्रात माझा तांब्या कागदावरून घरंगळेल असा कललेला होता आणि स्मरणचित्रात बाजार काढायचा होता, तो मी सगळा पाठमोरा काढला, कारण मला चेहरे येत नव्हते. सी ग्रेड मिळाली. ती कनवाळूपणे मिळाली, असं चित्रकलेच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं.

तर असा मी औंधला गेलो. औंधला मात्र कुणाला पत्ता विचारावा लागला नाही. यमाईच्या डोंगराच्या चढावरच श्री भवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते 1938 साली उभं केलं. हे राजे स्वतः चित्रं काढत, कीर्तनं करत, सूर्यनमस्कार घालत आणि मुख्य म्हणजे प्रजेलाही घालायला लावत. मी त्यांच्या संस्थानात जन्मलो नाही याबद्दल चढणीवरच मनोमन हात जोडले. आत रविवर्मा आहे आणि हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. मोठमोठ्या शहरांना ज्याचं अप्रूप वाटावं असा ऐवज या गावाच्या डोंगरावर इतकी वर्षं निवांत नांदतोय.

मूरसमोर मी बराच वेळ उभा राहिलो. बायकोचे डोळे भरून आले. तिला वाटलं, नवरा सुधारला. खरं तर चढणीने पोटरीत गोळा आला होता आणि हलणं शक्य नव्हतं. तेवढ्यात यमाईचं दर्शन घेऊन आलेल्या एक आजी शेजारी येऊन थांबल्या, शिल्पाकडे नीट निरखून पाहिलं, म्हणाल्या, "लेकराला कसं घट धरलंय बघ माउलीनं," आणि पुढे गेल्या. बायकोने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. वर्गात तीन महिने हेच शिकवत होते म्हणे, फक्त फी घेऊन.

पण संग्रहालयात एक मोठी सोय असते, ती म्हणजे चित्रकार मागे उभा नसतो. खरी परीक्षा जिवंत कलाकाराच्या घरी. तो चित्रावरचं फडकं काढतो आणि चित्राकडे न बघता आपल्या तोंडाकडे बघतो. आपण म्हणतो, "छान आहे." तो गप्प. आपण म्हणतो, "खूपच छान आहे." तो तरीही गप्प. 'छान' हा शब्द आपण नव्या सुनेने केलेल्या पोह्यांपासून शेजाऱ्याच्या बदलीपर्यंत सगळ्याला वापरून इतका गुळगुळीत केलाय, की चित्रकाराला तो ऐकूच येत नाही. मग मी एक भारदस्त शब्द पाठ केला: रंगसंगती. पहिल्याच संधीला तो काढला. "रंगसंगती अप्रतिम साधलीय." घरात एकदम शांतता पसरली. चित्र कोळशाने काढलेलं होतं.

त्यानंतर अभिप्रायाची वही येते. ही वही टाळता येत नाही, कारण ती दारातच टेबलावर असते, आणि तिचं पेन सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेलं असतं. बायको लिहीपर्यंत मी आधीची पानं वाचतो. 'खूप सुंदर. इयत्ता सातवी ब.' त्याखाली सातवी बच्या उरलेल्या सगळ्यांचं तेच वाक्य, हजेरीपटाच्या क्रमाने. 'छान आहे, पण पंखा हवा.' 'पाणी थंड मिळाले, आभारी आहे.' बायको पानभर लिहिते: अवकाश, पोत, रेषेचा आत्मविश्वास. मग पेन माझ्या हातात येतं. मी खाली लिहितो, 'वरीलप्रमाणे.'

असं सगळं चाललं असताना आम्हाला ते पेंटरकाका भेटले. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढची हकिगत कळली तर तिथे मला पुन्हा तोंड दाखवता यायचं नाही. शाळेच्या भिंतीचा प्रश्न विचारल्यावर पोरांनी आम्हाला थेट त्यांच्या घरी नेऊन सोडलं. साठी उलटलेले गृहस्थ, शर्टाच्या खिशात चष्मा, कंगवा आणि दोन ब्रश. बायकोने विचारलं, "काका, तुमची चित्रं बघायला मिळतील का?"

"मिळतील की. चपला घाला."

त्यांचं प्रदर्शन म्हणजे सगळं गाव होतं. पुढे मोटरसायकलवर काका, मागे गाडीत आम्ही. सलूनची पाटी त्यांची. दूध संकलन केंद्राची गाय त्यांची ("मॉडेल आमच्याच गोठ्यातलं, पर शिंगं जरा सारखी केली"). शाळेच्या भिंतीवर भारताचा नकाशा, पचनसंस्था आणि राष्ट्रपुरुष. "गांधीजी कुणालाबी जमत्यात," ते म्हणाले, "चष्मा घातला की झाले. टिळकांचं पगडीवर भागतं. अवघड ते नेहरू. टोपी काढली की कुणीबी हुतंय." त्यांचे नेहरू हेडमास्तरांसारखे दिसत होते. मी तसं म्हटल्यावर ते खूश झाले. "रंगाचं पैसं द्यायला लय खळखळ करत हुते. मग म्हटलं, तुमालाच भिंतीवर घेतो."

एका टपरीपाशी त्यांना पत्र्यावर दुकानाचं नाव पुरं करायचं होतं. आम्ही बघत उभे राहिलो. खडूची पूड लावलेली दोरी दोन्हीकडून ताणून त्यांनी मधे चिमटीत धरली आणि सोडली. टप्प. पत्र्यावर पांढरी सरळ रेघ. मग डाव्या हातात एक आडवी काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवलेलं, आणि ब्रश डब्याच्या काठावर दोनदा निपटून 'श्री' काढायला घेतला. वळण घेताना ब्रश बोटांत फिरत होता, मनगट जागचं हलत नव्हतं. शिरोरेषा त्यांनी सगळ्यात शेवटी ओढली, एका दमात, श्वास धरून. मीही धरला होता. एलिमेंटरीला अक्षरलेखन असतं. त्यात माझा 'श्री' पोटुशी दिसत होता, हे मला तिथे आठवलं.

"फ्लेक्स आलं आणि धंदा बसला," काका ब्रश टर्पेंटाईनमध्ये बुचकळत म्हणाले. त्यात रडगाणं नव्हतं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. "आता माणूस जिवंत हाय का गेलाय ते फोटोवरनं कळतच न्हाई. वाढदिसाचाच फोटू श्रद्धांजलीला घालत्यात. फकस्त हार घातला की झालं."

मग म्हणाले, "चला, आता माझं एक नंबरचं काम दावतो."

बाजाराच्या मागे एक लांबलचक भिंत होती. वासावरून ओळख पटेल अशी. तिच्यावर पिवळ्या पट्ट्यात लाल अक्षरं: 'येथे लघवी करू नये.' खरं सांगतो, अक्षर देखणं होतं. अंतर मोजून मापून, 'ल'ची गाठ अशी की जिलबीवाल्याने हेवा करावा. आणि 'ये'ची मात्रा झुकलेली, जशी मानेची लकब. "पंदरा वर्सं झाली," काका म्हणाले, "अक्षर हललं न्हाई. लोक वाचत न्हाईत, तो भाग येगळा." बायकोने वही काढली. मीही दोन पावलं मागे गेलो, मान कलती केली, हात मागे बांधले. आयुष्यात पहिल्यांदा मला चित्रासमोर काहीतरी खरंच म्हणायचं होतं, आणि ते रंगसंगती नव्हतं. मी 'घ'पर्यंत पोचलो असेन. इतक्यात एक गृहस्थ घाईघाईने आले, आम्हाला तिघांना भिंतीकडे तोंड करून एकाग्र उभं बघून थबकले, थोडा वेळ चुळबुळ करत थांबले, आणि मग अत्यंत अदबीने मला म्हणाले, "तुमचं झालं का?"

कोकणातली गोष्ट निराळी. कुडाळला आम्ही रस्ता विचारला तर दुकानातल्या माणसाने आधी "खंयसून इलात?" हे विचारून आमची सात पिढ्यांची माहिती काढली, आणि मगच "पिंगुळीक जावा, थंय कोणाकय विचारा" असं सांगितलं. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, सगळं तिथे आहे.

मला ही कला फार सोयीची वाटली. चित्रकथीत चित्र नुसतं बघायचं नसतं. वीणा, टाळ, हुडुक घेऊन एकेक चित्र पुढे धरत गोष्ट सांगायची असते. म्हणजे चित्राबद्दल बोलायची जबाबदारी चित्रवाल्याचीच. मी आरामात बसून युद्ध ऐकलं. रावण मला ओळखीचा वाटला. मी बायकोकडे पाहिलं, तिने सासरच्या कुणाचं तरी नाव घेतलं, आणि मी रामाच्या बाजूने लक्ष घातलं.

तिथून सावंतवाडी जवळच. मोती तलावाला एक चक्कर मारून आम्ही चितार आळीत गेलो. लाकडी भेंडी, लाकडी कारलं, लाकडी सीताफळ. सगळं इतकं खरं की बायकोने मंडईतल्यासारखं वांगं बोटाने दाबून बघितलं. पण तिला हवा होता गंजिफा. सावंतवाडीच्या राजवाड्याने जपलेला हा पत्त्यांचा डाव, हाताने रंगवलेला, पत्ते गोल. दशावतारी गंजिफात 120 पत्ते: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येकाचा राजा, प्रत्येकाचा प्रधान, आणि खाली एक्क्यापासून दश्शीपर्यंत प्रजा. एकेका पत्त्यावर केसाएवढ्या ब्रशने काढलेलं काम. मी कूर्माचा पत्ता डोळ्यांपाशी धरला. नखाएवढ्या कासवाच्या पाठीवरच्या खवल्यांच्या रेघासुद्धा मोजता येत होत्या. तेव्हा मी जे बोललो ते 'छान' नव्हतं. 'बापरे' होतं. समोरचा माणूस पहिल्यांदाच हसला.

डाव घेतला. घरी आल्यावर खेळायला बसलो. तिघं लागतात, प्रत्येकाला चाळीस पत्ते. चाळीस गोल पत्ते हातात पंख्यासारखे धरता येत नाहीत, ते पुऱ्यांसारखे घसरतात. वर निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा खेळलात तर राम ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची, रात्री खेळलात तर कृष्ण ज्याच्याकडे असेल त्याने. आम्ही खेळायला बसलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. बायको म्हणाली, अजून दिवस आहे. सासूबाई म्हणाल्या, दिवेलागण झाली. रामही सासूबाईंकडे आला आणि कृष्णही. मी चाळीस पत्ते सावरत बसलो होतो. शेवटी सासूबाईंनी पंचांग मागवलं, आणि डाव तिथेच राहिला.

रविवारी मेहुणा आला. बायकोने कौतुकाने डबा उघडून टीपॉयवर दहा राजे ओळीने मांडले आणि ती आत गेली. मी चहा घेऊन आलो. मेहुण्याने ओळ नीट न्याहाळली, म्हणाला, "छान आहेत. कुठून घेतलेत कोस्टर?" आणि मी हं की चूं करायच्या आत वाफाळता कप त्याने वराहावर ठेवला. माझा जीव गेला. बायको यायच्या आत मी कप उचलला, शर्टाच्या टोकाने पत्ता पुसला, खिडकीशी नेऊन उन्हात तिरका धरून बघितला. लाखेचं काम. डागसुद्धा उठला नव्हता.

"तिथे तुमची आर्ट गॅलरीबिलरी आहे का काही?" मेहुणा मागून विचारत होता.