लीड्स कॅसल लीड्स शहरात नाही!

‘लीड्स कॅसल बघायला किंग्ज क्रॉसहून लीड्सची गाडी पकडा’ असा मेसेज इंग्लंडला निघालेल्यांमध्ये फिरतोय. कृपया पकडू नका. लीड्स शहर उत्तरेला यॉर्कशायरमध्ये. किल्ला पार दक्षिणेला, केंटमध्ये, लीड्स नावाच्याच खेड्याजवळ. किल्ल्याच्या अधिकृत पत्त्यातही ‘मेडस्टोन, केंट’ आहे. लंडन व्हिक्टोरियाहून बेअरस्टेडला उतरायचं. नावच सारखं, गफलत कुणाचीही होईल.

शिवाय हा काही भग्नावशेष नाही. बराचसा १९व्या शतकात नव्याने बांधलाय. पडका किल्लाच हवा असेल तर केंटमधलंच रॉचेस्टर गाठा. १२१५ च्या वेढ्यात जॉन राजाने भुयार खणून, ४० डुकरांची चरबी जाळून तिथल्या बालेकिल्ल्याचा कोपरा पाडला. नंतर तो गोल बांधला, बाकीचे चौकोनीच राहिले. मी तरी आधी तोच बघेन.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर हा खुलासा त्याच ग्रुपवर टाका.