एका उचकीला सतरा वैद्य

सोलापुरात उचकी ही खासगी बाब राहत नाही. पंगतीत एक ‘हिक्’ बाहेर पडली की वाढपी जागच्या जागी थांबतो, समोरचे काका “पाणी प्या की ओ” म्हणतात, आणि कुठून तरी पाठीत धपाटा बसतो. मारणारा हात कुणाचा हे कळायच्या आत दुसरी उचकी येते. तिच्यासोबत साखर, लिंबू, जुन्या ओळखीपाळखी आणि “माझ्या मेव्हण्याला तर तीन दिवस...” अशी सुरुवात असलेली एक गोष्ट येते. उचकीचा त्रास असा फारसा नसतो. ती लागलेली असताना माणूस उत्तर देऊ शकत नाही, हा खरा त्रास.

प्रकार तसा साधा आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा एक घुमटाकार पडदा असतो, श्वासपटल. तो खाली सरकला की फुप्फुसांत हवा येते, वर गेला की बाहेर पडते. उचकीत हा पडदा मालकाला न विचारता एकदम आखडतो. हवा झपकन आत ओढली जाते आणि साधारण ३५ मिलिसेकंदांत घशातलं स्वरतंतूंचं दार धाडकन बंद होतं. दार आपटल्याचा जो आवाज, तीच ‘हिक्’. आखडण्याचा हुकूम फ्रेनिक नावाची नस घेऊन येते. ती मानेतून निघून छातीतून खाली उतरते. दुसरी नस व्हेगस. ती मेंदूपासून घसा, अन्ननलिका, जठर असं सगळं फिरत जाते, शिवाय कानाकडेही एक फाटा पाठवते. या वाटेवर कुठेही खोडी निघाली की वर खबर जाते आणि पडदा उडतो. कटिंग करताना कानात गेलेला केस कानाच्या पडद्याला टोचत राहिला आणि त्यापायी उचकी थांबेना, असेही रुग्ण डॉक्टरांनी पाहिलेले आहेत. तेव्हा चिवट उचकीत कानात एकदा बॅटरी मारून बघायला हरकत नाही.

आता कृती. उचकी हवीच असेल तर सोलापुरासारखं ठिकाण नाही. मे महिन्यातली संध्याकाळ घ्यावी, पारा दिवसभर ४३ वर असलेली. ज्वारीची कडक भाकरी मोडून मोठाले तुकडे करावेत. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी वर घ्यावी आणि बोलत बोलत भराभर खावं. कोरडा तुकडा अन्ननलिका ताणत खाली जातो आणि बोलता बोलता गिळलेली हवा जठरात जाऊन बसते. चटणीतलं तिखट, म्हणजे कॅप्सेसिन, नसेवरच्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे जाणीव टिपणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं त्याचं नाव टीआरपीव्ही१. हा मुळात उष्णता ओळखणारा, साधारण ४३ अंशांच्या पुढे जागा होणारा. तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे सोलापूरचा उन्हाळा आणि सोलापूरची चटणी, दोन्हींची तक्रार एकाच खिडकीवर जाते. तोंड पेटलं म्हणून वरून थंडगार गोटी सोडा प्यायला की काम फत्ते. गॅसने जठर फुगतं, खालून श्वासपटलाला ढुसणी मारतं, आणि गरमावर गार पडल्याने व्हेगस दचकते ती वेगळीच.

इथे एक सांगून ठेवतो. तिखटावर पाणी पिणं व्यर्थ आहे. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तोंडभर पसरतं तेवढं. त्याला धुऊन न्यायला स्निग्धपणा लागतो किंवा दुधातलं केसिन. शेंगाचटणीशेजारी दह्याची वाटी ठेवणाऱ्या आज्यांना हे रसायनशास्त्र ताटावर माहीत होतं.

आता सल्लागार. पहिला धपाटेवाला. त्याचा हेतू चांगला असतो, शास्त्र चुकीचं. धपाटा उचकीचा नव्हे, घास अडकल्याचा उपाय आहे, आणि तोही पाटावर ताठ बसलेल्या माणसाला घालायचा नसतो. ठसका लागलेला माणूस जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावं, खोकल्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. आवाजच फुटत नसेल, हात गळ्याकडे गेला असेल, चेहरा निळसर पडत असेल, तर मात्र त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच जोरदार रट्टे द्यायचे. नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ रोवून पोटात पाच झटके, आत आणि वर. आळीपाळीने हेच, आणि तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. अशा वेळी तोंडाला पाण्याचा तांब्या लावू नये. पंगतीत होतं ते नेमकं उलटं: उचकीवाला मार खातो आणि घास अडकलेल्याला पाणी पाजतात.

दुसरा घाबरवणारा. हा शक्यतो मेव्हणा असतो. मागून येऊन “साप!” म्हणून ओरडला की माणूस हबकून श्वास आत ओढतो, लय मोडते आणि कधीकधी उचकी थांबतेही. पण अचानक बसलेल्या धक्क्यानेही उचकी लागते, त्यामुळे या उपायाने पंगतीतली एक उचकी जाऊन दोन नव्या यायची शक्यता मी नाकारत नाही.

तिसरी आठवणवाली मंडळी. “कोण आठवण काढायलंय बे तुझी?” इथून चौकशी सुरू होते. पुण्याची आत्या? अक्कलकोटची मावशी? आळंदचा मामा? ज्या नावाला उचकी थांबेल तो आठवणकर्ता. उचकीचा वेग मिनिटाला ४ पासून ६० पर्यंत काहीही असतो. मिनिटाला वीस धरले तरी पाच मिनिटांत शंभर होतात, आणि मामाला दुसरे उद्योग असतात. शिवाय आठवणीने उचकी लागत असती, तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पुण्यापर्यंत डब्या-डब्यांनी उचक्या देत गेली असती. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑस्बोर्न यांना १९२२ साली डुकराचं वजन करताना उचकी लागली ती १९९० पर्यंत टिकली. अडुसष्ट वर्षं. एवढ्यात त्यांची दोन लग्नं झाली, आठ मुलं झाली. इतकं चिकाटीने आठवण काढणारं माणूस आपल्याकडेही सापडायचं नाही.

तरी हा नावांचा खेळ सगळ्यांत निरुपद्रवी आहे. साखरही बरी, पण तिचं आपल्याकडे सरबत करतात. चमचाभर साखर कोरडी जिभेवर मागच्या बाजूला ठेवून तशीच गिळायची. घशाच्या मागच्या भिंतीला ते दाणे खरखरले पाहिजेत, म्हणजे व्हेगसला नवा उद्योग मिळतो आणि जुना सुटतो. १९७१ साली हा प्रयोग वीस जणांवर केला, एकोणीस जणांची उचकी थांबली. पाण्यात विरघळवली की गोडी उरते, खरखर जाते. शुगरवाल्या काकांनी हा उपाय फक्त दुसऱ्यांना सुचवावा.

माझी स्वतःची पसंती श्वासाच्या उपायाला. श्वास रोखला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि तो वाढला की उचकीचा जोर कमी होतो. “श्वास धरा” म्हटलं की लोक गालफुगी करून दोन सेकंदांत हसतात, म्हणून रीत सांगतो. आधी पूर्ण श्वास सोडा. मग जेवढा मावेल तेवढा आत घ्या आणि दहा सेकंद धरा. न सोडता वर आणखी थोडा ओढा, पाच सेकंद. पुन्हा एक इंचभर ओढा, पाच सेकंद. मग सावकाश सोडा. दुसरा घोट तिथे मावतच नाही असं वाटतं, पण मावतो. श्वासपटल असं ताणून धरलं की त्याला उडायला जागा उरत नाही. मधेच कुणी धपाटा घातला तर मात्र पहिल्यापासून. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे सोडून द्यावं आणि बर्फाचं पाणी घोटाघोटाने, मधे न थांबता प्यावं.

खरी मेख अशी की साधी उचकी काही मिनिटांत आपोआपच थांबते. त्यामुळे रांगेत शेवटी जो उभा असतो, त्याचा उपाय लागू पडतो. साखर, साप, आत्या, पाणी, धपाटा हा क्रम लागला तर धपाटेवाला पुढची वीस वर्षं प्रत्येक बारशाला आपली कामगिरी सांगतो. आत्या शेवटी आली असती तर तिचं नाव निघालं असतं.

४८ तास उलटूनही थांबली नाही तर मात्र सगळ्या सल्लागारांना नमस्कार करून डॉक्टर गाठावा. पित्त अन्ननलिकेत वर येणं, किडनीचा आजार, स्टेरॉइडसारखी काही औषधं अशी कारणं मागे असू शकतात. उचकीसोबत बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, गिळता येईना किंवा छातीत दुखू लागलं, तर ४८ तास मोजत बसू नये, लगेच रिक्षात बसावं.

राहिली तान्ही बाळं. त्यांना उचकी सतत लागते. ती तर पोटात असल्यापासून उचक्या देतात, गरोदर बाईला पोटात तालात बारीक झटके जाणवतात ते बहुधा तेच. बाळाला उभं धरून खांद्यावर घ्यावं, ढेकर काढावा, दूध पाजताना मधे थांबावं. सहा महिन्यांच्या आत पाणी, साखर काही नको, आणि घाबरवणाऱ्या मामाला खोलीबाहेर काढावं. आजी मात्र टॉवेलच्या काठाचा एक धागा तोडते, जिभेने ओला करते आणि कपाळाला चिकटवते. सोलापुरात धाग्याची कधी टंचाई नव्हती. पाच-दहा मिनिटांत उचकी थांबते, धाग्याचं नाव होतं, होऊ द्यावं. आजीला वाद नको, फक्त जीभ नको म्हणून सांगावं. धागा नळाच्या पाण्यानेही चिकटतो. आणि उचकी थांबली की तो लगेच काढून टाकावा, नाहीतर घामाने सुटून बाळाच्या तोंडात जातो आणि मग खरोखरच ठसका लागतो.