नरिमन हाउसचा पाहुणचार: ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

स्पष्टवक्ता साहेब,

कुलाब्यातल्या नरिमन हाउस या लुबाविच पंथाच्या यहुदी केंद्रातल्या रब्बींवरच्या, म्हणजे धर्मगुरूंवरच्या माझ्या लेखाला तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत, आभार. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा: शुक्रवारी येणाऱ्याला जेवायला बसवायचा हा पाहुणचार मुळात इस्राएली पर्यटकांसाठी, त्यामागे सगळ्यांना आपल्या पंथाच्या वळणावर आणायचा हेतू, कोकणातल्या बेने इस्राएल यहुदींच्या रीतींना तिथं जागा नाही, जेवायला बसवणारे लग्न जुळवतानाही एवढेच मोकळे राहतील का? आणि शेवटी हे रत्न: ‘शुक्रवारी फुकट जेवून आलेल्यांनी रब्बींचे पोवाडे गाऊ नयेत.’

पर्यटकांचा मुद्दा मान्य. लष्करातली सेवा संपवून भारत फिरायला निघालेली इस्राएली पोरंच तिथं जास्त असत. झालं समाधान?

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस सुरू होतो, आणि शब्बाथला धर्म पाळणारा यहुदी माणूस पैशाला हातसुद्धा लावत नाही. मग जेवणाचे पैसे घ्यायचे कोणी आणि द्यायचे कधी? एवढंही ठाऊक नसताना तुम्ही माझी मापं काढता!

मी त्या टेबलावर जेवलोय, लपवायचं कशाला? दारात कुणीतरी किप्पा, म्हणजे डोक्यावरची छोटी यहुदी टोपी, पुढे केला आणि बसायला जागा करून दिली. भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेले दोन पाव, शेजारी द्राक्षरसाचा पेला. आमच्या घरी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून केलेल्या शरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बाथची पेल्यावरची प्रार्थना होते. ते सांगितल्यावर समोरचा मुलगा कृती विचारत बसला. माझ्या घरात मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य होतो, एलियाहू हन्नावी या प्रेषिताचं नाव घेतल्याशिवाय शुभकार्य होत नाही. त्यामुळे बेने इस्राएल म्हणजे काय, हे निदान मला तरी शिकवू नका.

आणि ‘आत या’ या दोन शब्दांची किंमतही शिकवू नका. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयानं आमच्या लोकांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करायचा फतवा काढला. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन झालं, संसदेला मध्ये पडावं लागलं, तेव्हा तो मागे घेतला गेला. माझे काका तेव्हा तिथंच होते. आजीची आजी कोण, हे कागदावर दाखवा म्हणाले त्यांना! पेणजवळच्या गावात तेलाचा घाणा चालवणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या माणसांकडे कसले आलेत कागद? ज्या घरानं हे सोसलंय, त्या घरातल्या माणसाला विचारा, पंगतीत बसताना कुणी काही विचारलं नाही तर कसं वाटतं ते.

लेखात लिहिलं होतं, पुन्हा लिहितो. रब्बी मेनाखेम मेंडेल श्नीअरसन यांनी १९५१ मध्ये ब्रुकलिनमध्ये लुबाविच पंथाची धुरा घेतली आणि तरुण जोडप्यांना दूरदूरच्या गावी कायमचं राहायला पाठवायचा सपाटा लावला. गॅव्रिएल आणि रिवका होल्ट्झबर्ग २००३ मध्ये मुंबईत आले ते याच रीतीनं. नोव्हेंबर २००८ मध्ये दोघांनाही त्याच इमारतीत मारलं गेलं. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला, मोशेला, त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअल यांनी बाहेर काढलं. हे ठाऊक असूनही ‘फुकट’ लिहिताना तुमची बोटं अडली नाहीत, कमाल आहे.

बाकी मुद्दे किरकोळ आहेत. पंथाच्या वळणावर आणायचा हेतू म्हणाल, तर हेतू कुणाला नसतो? आमच्या रीतींबद्दल म्हणाल, तर त्या सांभाळायच्या आम्ही; रब्बींनी येऊन मलिद्याचे पोहे भिजवायचे का? लग्नाचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. इथं तो उकरून काढायचं कारण नव्हतं.

तुम्ही स्वतः तिथं कधी गेला नाहीत, हे प्रतिक्रियेवरून दिसतंच आहे. एकदा कुलाब्याला जाऊन या. मात्र आधी कळवावं लागतं, दारावर बंदोबस्त कडक आहे, आणि हो, ओळखपत्र विसरू नका.