‘घरात पैसा असणाऱ्यांचे सल्ले’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एमएससाठी राहतं घर तारण ठेवू नका’ या परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: ‘ज्यांच्या घरात पैसा असतो त्यांनाच असले सल्ले सुचतात. शिकताना हप्ता नसतो, व्याजावर करसवलत मिळते आणि विद्यापीठ चांगलं असेल तर बँक तारणही मागत नाही. माझ्या मुलाला अमेरिकेतून प्रवेशपत्र आलंय, मी कर्ज काढणार.’

मतभेद असू द्या हो, पण ‘असले सल्ले’? समोरासमोर असं बोलला असतात का? टोपणनाव घेतलं की जीभ सैल सुटते, दुसरं काय!

तर माझ्या घरातला पैसा. वडील एसटीत कंडक्टर. इंजिनीअरिंगची पहिली फी आईच्या पाटल्या मोडून भरली. एमटेक केलं ते ‘गेट’ या प्रवेशपरीक्षेवर मिळणाऱ्या विद्यावेतनावर. आज ते महिना १२,४०० रुपये आहे. आमच्या वेळी बरंच कमी होतं, आणि तेही महिनोन्‌महिने अडकायचं. त्या बदल्यात पहिल्या वर्षाच्या पोरांची प्रॅक्टिकल्स घ्यायची, जर्नल्स तपासायची. मेसवाल्या काकू उधारीवर जेवू घालायच्या म्हणून निभावलं. त्यातूनही धाकट्या बहिणीच्या परीक्षेची फी मी भरली आहे. याला श्रीमंती म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. तेही घरात पैसा असणाऱ्यांतले का? जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्जरूप शिष्यवृत्ती १८९२ पासून आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. हे सगळं लेखात होतं. तिथवर वाचलंत का, अशी शंका येते.

हप्ता नसतो म्हणे! व्याज तर चढतंच ना? ४० लाख उचललेत तर दहा टक्क्यांनी वर्षाचे ४ लाख. करसवलत फक्त व्याजावर, आणि नव्या करप्रणालीत तीही नाही.

तारणाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. निवडक विद्यापीठांसाठी काही बँका विनातारण कर्ज देतात. तसं एक वाक्य लेखात घालतो. त्याने मूळ मुद्द्यात काही फरक पडत नाही, आणि त्यावर वाद घालायला मला वेळही नाही.

मुलाचं अभिनंदन, मनापासून. विनातारण कर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून सही कुणाची घेतात, तेवढं सही करण्याआधी वाचा.