पंधरा दिवसांची चूक आणि टास्कबारवरचं घड्याळ

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. रागावून लिहिलीत, पण मुद्द्याला धरून लिहिलीत, म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विंडोज ११ कधी येणार याची तारीख वर्तवणाऱ्या पत्रकारांना मी माझ्या लेखात 'ज्योतिषी' म्हटलं, हा अन्याय आहे. कंपनी तोंड उघडत नाही तेव्हा अंदाज बांधणं हे त्यांचं कामच, आणि २० ऑक्टोबरचा अंदाज पंधराच दिवसांनी हुकला. शिवाय तारीख कळली की लॅपटॉप आता घ्यावा की थांबावं, हे वाचकाला ठरवता येतं.

आधी तो अंदाज आला कुठून ते बघा. २४ जून २०२१ ला घोषणा झाली. प्रसिद्धीसाठी दिलेल्या चित्रांत टास्कबारच्या, म्हणजे स्क्रीनच्या तळाच्या पट्टीच्या, कोपऱ्यात ११:११ ही वेळ आणि २० ऑक्टोबर ही तारीख होती. झालं! ११:११ ही आकड्याची गंमत आहे हे सगळ्यांना कळलं, पण तिला चिकटलेली तारीख मात्र खरी मानली गेली. आयफोनच्या जाहिरातीत कायम ९:४१ वाजलेले असतात, त्यावरून कुणी ट्रेन पकडत नाही. आता राहिला ऑक्टोबर. विंडोज ७ आलं २२ ऑक्टोबर २००९ ला, विंडोज ८ आलं २६ ऑक्टोबर २०१२ ला. ऑक्टोबर म्हणायला चित्र कशाला हवं?

उलट उदाहरणही देतो, तुमच्या बाजूचं. एप्रिल २०१५ मध्ये एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुख लिसा सू गुंतवणूकदारांशी बोलताना सहज बोलून गेल्या की विंडोज १० जुलैअखेरीस येतंय. मायक्रोसॉफ्टने तोवर दिवस जाहीर केला नव्हता. २९ जुलैला ते आलं. ज्यांच्या चिपवर ते चालणार त्यांच्याच तोंडून हे निघालं होतं. ही बातमी, आणि ती छापायलाच हवी होती.

'कंपनी लपवते' हे मात्र अर्धंच खरं. पुष्कळदा लपवायला पक्की तारीखच नसते. विंडोज व्हिस्टाचं काम २००१ मध्ये सुरू झालं, २००४ मध्ये बरंचसं नव्याने मांडावं लागलं. मार्च २००६ मध्ये कंपनीनेच सांगितलं की सामान्य ग्राहकांना ते २००७ च्या जानेवारीत मिळेल, म्हणजे नाताळची विक्री हातची गेली. मुद्दाम कोण करेल असं? उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या, विंडोजसारख्याच प्रणालीचं तर आवृत्तीच्या नावातच वर्ष आणि महिना असतो. २००६ च्या एप्रिलमध्ये यायची आवृत्ती जूनवर गेली, तेव्हा ६.०४ चं ६.०६ करावं लागलं.

लॅपटॉपचं म्हणाल तर, विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबरला, पण चालू विंडोज १० वाल्यांना ते टप्प्याटप्प्याने मिळणार होतं. पात्र असलेल्या सगळ्या मशीनपर्यंत पोचायला २०२२ चा मध्य उजाडेल असं कंपनीनेच सांगितलं होतं. त्या लोकांना ५ काय नि २० काय! खरेदी करणाऱ्याने बघायचं होतं ते मशीनमध्ये टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) आहे का आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसतो का. तारखेवर दहा बातम्या वाचलेल्या माणसालाही हे ठाऊक नसलेलं मी पाहिलंय.

'ज्योतिषी' हा शब्द सरसकट वापरला ही चूक माझी. सू यांच्या बोलण्यावरून बातमी देणाऱ्यांना आणि टास्कबारकडे भिंग लावून बसलेल्यांना मी एकाच दोरीने बांधलं. लेखात ती ओळ बदलतो. बाकी लेख आहे तसाच राहील.