परवानगी तिची हवी

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. मुलींना मासिक पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे त्याचे कारण दिले गेले. स्त्री-संघटनांनी जोरदार विरोध केला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पाळीच्या दिवसांत मुलींना मदत करायला माणसे कमी पडत असतील, तर माणसे वाढवायची असतात. तिथे शरीराचा अवयवच काढून टाकणे अनेक सुशिक्षितांना व्यवहार्य वाटले, याचा मला आजही संताप येतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १० नुसार वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया त्या व्यक्तीच्या स्वतंत्र आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येत नाही, आणि प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती दिव्यांगांपर्यंत पोहोचवणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. त्याआधी २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात, शासकीय आश्रयगृहात बलात्कार झालेल्या, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या अनाथ तरुणीला मूल हवे होते. उच्च न्यायालयाने दिलेला गर्भपाताचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने तिच्या या इच्छेचा मान राखून रोखला.

दवाखान्याच्या दारात मात्र यातले फारसे काही पोहोचलेले दिसत नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीसोबत मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले होते. ती समोर बसलेली असताना डॉक्टरांनी मला विचारले, "यांची शेवटची पाळी कधी आली होती?" तारीख तिनेच सांगितली, तरी पुढचा प्रश्नही मलाच आला. तपासणीचे टेबल इतके उंच होते की दोघींनी उचलल्याशिवाय तिला त्यावर जाता येईना. शेवटी तपासणी न करताच औषधे लिहून दिली गेली. खाली-वर करता येणारे टेबल ही काही चैन नव्हे. कर्णबधिर स्त्रीला सांकेतिक भाषेची दुभाषी मिळाली नाही, तर आपल्या गर्भधारणेविषयी तिला सासूच्या नाहीतर नवऱ्याच्या तोंडूनच ऐकावे लागते, आणि त्यातले काय गाळले गेले हे तिला कधीच कळत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. याच अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये दिव्यांग स्त्रीच्या स्पष्ट संमतीशिवाय गर्भपात करणे हा गुन्हा आहे. पण अपंगत्व तीव्र असेल, तर डॉक्टरांचे मत आणि पालकाची संमती पुरेशी मानली आहे. ज्या स्त्रीला बोलणे सर्वांत कठीण जाते, तिच्याशी चित्रांनी, खुणांनी, वेळ देऊन आणि नातेवाइकांना बाहेर बसवून बोलण्याचा प्रयत्न झाला होता का, याची लेखी नोंद केसपेपरवर असल्याशिवाय ही सवलत कोणालाही मिळता कामा नये.